एकच थकबाकी यादी, दोन मशिनवर दोन बेरजा: रिपोर्टला हात लावायच्या आधी काय बघायचं

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. लालबागची पतसंस्था, पाच मशिन, मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसचा डेटाबेस. डेटाची फाइल वेगळी, फॉर्म आणि रिपोर्टची फाइल वेगळी, ही दुसरी फाइल चौघंजण शेअर्ड फोल्डरमधूनच उघडतात आणि कॅशियरने तिची कॉपी स्वतःच्या डेस्कटॉपवर ठेवलीय. थकबाकी यादीची तुमच्याकडे एक बेरीज येते, कॅशियरकडे दुसरी, मॅनेजरसाहेबांकडे अधूनमधून सभासदांची नावं दोनदोनदा येतात, मध्येच ‘एन्टर पॅरामीटर व्हॅल्यू’ अशी खिडकी उघडते, आणि छापलं की एक पान भरलेलं तर एक कोरं. कॉम्पॅक्ट अँड रिपेअर (ॲक्सेसची फाइल आवळून दुरुस्त करायची सोय) करून झालं, रिपोर्ट डिलीट करून नव्याने बनवून झाला, तरी फरक नाही, आणि ऑडिटर दोन आठवड्यांत येतायत.

मी वीसेक वर्षं मुंबईतल्या छोट्या ऑफिसांतले ॲक्सेसचेच डेटाबेस दुरुस्त करतोय, म्हणून पहिली विनंती हीच की आता रिपोर्टला अजिबात हात लावू नका. तोच रिपोर्ट दोन मशिनवर दोन उत्तरं देत असेल तर बहुतेक वेळा दोष रिपोर्टमध्ये नसतो, तो ज्या फाइलमधून वाचतोय, ज्या क्षणी वाचतोय आणि ज्या मशिनच्या सेटिंगने वाचतोय त्यात असतो. रिपोर्ट नवा बनवला की एक उलट नुकसान होतं, जुना चुकत कुठे होता ते कळायची वाट बंद होते. जुन्याची कॉपी कुठे असेल तर जपून ठेवा, ऑडिटरने विचारलं तर लागेल.

सगळ्यात आधी हे बघा की दोन्ही मशिन एकाच डेटा फाइलला जोडलेली आहेत का. हे कोणी तपासतच नाही, सगळे गृहीत धरतात. डावीकडच्या पट्टीत ज्या टेबलांपुढे बाण दिसतो ती लिंक केलेली टेबलं, म्हणजे डेटा दुसऱ्या फाइलमध्ये आणि इथे नुसता जोडलेला. त्यातल्या एकावर माऊस नुसता धरून ठेवा, फाइलचा पूर्ण पाथ, म्हणजे ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे तो पत्ता, दिसतो, नाहीतर ‘एक्स्टर्नल डेटा’मध्ये लिंक्ड टेबल मॅनेजर उघडा, तिथे सगळ्या टेबलांचे पाथ एकाखाली एक मिळतात. तुमच्या मशिनवरचा पाथ कागदावर लिहा, कॅशियरच्या मशिनवरचा लिहा, आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. एकीकडे झेड ड्राइव्ह आणि दुसरीकडे सर्व्हरचं नाव असेल तर तेवढ्याने काही सिद्ध होत नाही, झेड ड्राइव्ह त्या मशिनवर नक्की कुठल्या फोल्डरला जोडलाय तेही बघावं लागेल.

मी इतकं का ताणतोय ते सांगतो. गिरगावात एका ऑफिसात अगदी हाच प्रकार होता, दोन टेबलं सोडून बसलेल्या दोन माणसांची रोजकीर्द जुळत नव्हती. आठ दिवस रिपोर्टची क्वेरी (टेबलांतून हवी ती माहिती काढायची आज्ञा) उकलण्यात गेले आणि शेवटी कळलं काय, तर त्यांनी मशिन बदललं तेव्हा कोणीतरी डेटा फाइलची बॅकअप कॉपी घेतली होती आणि एका माणसाची फॉर्मची फाइल त्या बॅकअपलाच जोडली गेली होती. तो बिचारा तीन आठवडे रोज इमानदारीने पावत्या टाकत होता, त्या सगळ्या बॅकअपमध्ये जात होत्या. पावती पुस्तकं काढून, कार्बन कॉपीवर बोट ठेवून, एकेक पावती परत खऱ्या फाइलमध्ये भरावी लागली. त्या माणसाचा चेहरा माझ्या अजून डोळ्यासमोर आहे, चूक त्याची काडीमात्र नव्हती. तेव्हापासून मी कुठेही गेलो की पहिला पाथ बघतो.

याची खात्री करायची अजून एक सोपी युक्ती आहे. कोणी डेटा फाइल वापरायला लागलं की त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची एक छोटी लॉक फाइल तयार होते, शेवटी एलएसीसीडीबी असतं, फाइल जुन्या एमडीबी प्रकारची असेल तर एलडीबी. सगळे बाहेर पडले की ती आपोआप जाते. संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर सगळ्यांना बाहेर पडायला सांगा, ती गेली ना बघा, मग फक्त कॅशियरच्या मशिनवर उघडून एखादं टेबल किंवा पावतीचा फॉर्म उघडा. शेअर्ड फोल्डरमध्ये लॉक फाइल आली नाही तर कॅशियर दुसऱ्याच फाइलवर आहे, पुढे काही शोधायची गरजच नाही. आणि सगळे बाहेर पडूनही ती जातच नसेल तर एकतर कुठल्यातरी मशिनवर ॲक्सेस मागे अडकून बसलाय, नाहीतर कोणाला तरी त्या फोल्डरमध्ये डिलीट करायची परवानगी नाहीये, डेटाबेस वापरणाऱ्या प्रत्येकाला फोल्डरमध्ये फाइल बनवायची, बदलायची आणि पुसायची अशी तिन्ही परवानगी लागते. ती फाइल नोटपॅडने उघडली तर आत मशिनची नावं वाचता येतात, फक्त बाहेर पडलेल्यांची नावंही त्यात राहतात, त्यामुळे त्यावरून कोणावर आळ घेऊ नका.

आता नावं दोनदोनदा येण्याबद्दल. इथे एक गोष्ट नीट बघितली तर निम्मं काम होतं, दर वेळी तीच नावं डबल येतात की दर वेळी वेगळी?

तीच येत असतील तर क्वेरीतला जोड, म्हणजे दोन टेबलं एकमेकांना जोडायची पद्धत, चुकलाय. पतसंस्थेत हे हमखास जामीनदारांमुळे होतं. एका कर्जाला दोन जामीनदार, क्वेरीत कर्जाचं टेबल आणि जामीनदारांचं टेबल जोडलेलं, की ते कर्ज दोन ओळींत येतं आणि ४०,००० ची थकबाकी बेरजेत ८०,००० होऊन बसते. त्यावर ‘डिस्टिंक्ट’ (सारख्या ओळी एकदाच दाखवायची सूचना) वगैरे लावून झाकू नका, जामीनदार वेगळ्या सबरिपोर्टमध्ये, म्हणजे रिपोर्टच्या आतल्या छोट्या रिपोर्टमध्ये, न्या, मूळ यादीच्या क्वेरीत एका कर्जाला एकच ओळ आली पाहिजे. याच्याच उलटी चूकही असते, ज्या कर्जाला जामीनदार भरलेलाच नाही ते यादीतून गुपचूप गळतं, कारण साध्या जोडात दोन्हीकडे जुळणाऱ्याच ओळी येतात. ही जास्त वाईट, डबल आलेलं डोळ्याला दिसतं पण गळलेलं दिसत नाही. म्हणून नुसत्या कर्ज टेबलाची मोजणी आणि यादीतल्या ओळींची मोजणी, दोन्ही घेऊन बघाच.

दर वेळी वेगळी नावं डबल येत असतील तर मात्र मला पक्का संशय तात्पुरत्या टेबलाचा आहे. बरेच जण रिपोर्ट असा बनवतात की बटण दाबलं की कोड एका तात्पुरत्या टेबलातलं सगळं पुसतो, मग त्यात नवीन हिशोब भरतो, मग रिपोर्ट त्या टेबलावरून उघडतो. एकट्याने वापरलं तर उत्तम चालतं. पण ते टेबल सगळ्यांत मिळून एकच असेल तर बघा काय होतं, तुम्ही बटण दाबलं, टेबल रिकामं झालं, त्याच सेकंदाला मॅनेजरसाहेबांनी दाबलं, तेही रिकामंच टेबल परत रिकामं करणार, मग तुमच्या ओळी भरल्या, पाठोपाठ त्यांच्या भरल्या, प्रत्येक सभासद दोनदा. आणि त्यांनी जरा उशिरा दाबलं तर तुमचा रिपोर्ट उघडेपर्यंत आत त्यांचा हिशोब बसलेला, तुम्ही मागितली ३१ मार्चची यादी आणि हातात आली आजची. ॲक्सेस याची कसलीही तक्रार करत नाही, त्याच्या दृष्टीने सगळं नियमाने झालंय.

यावर उपाय एकच, आणि तो केला की बाकीच्याही बऱ्याच कटकटी जातात. फॉर्म आणि रिपोर्टची फाइल प्रत्येकाच्या मशिनवर त्याची त्याची वेगळी पाहिजे आणि तात्पुरती टेबलं त्या फाइलमध्येच पाहिजेत, शेअर्ड फोल्डरमध्ये फक्त डेटाची फाइल. चौघांनी मिळून एकच फॉर्मची फाइल उघडणं हेच मुळात बिघाडाला आमंत्रण आहे. एकाने रिपोर्टला फिल्टर लावला आणि जाताना सेव्हला हो म्हटलं की तो फिल्टर त्या फाइलमधल्या रिपोर्टला चिकटतो. रिपोर्टच्या प्रॉपर्टीमध्ये ‘फिल्टर’ आणि ‘फिल्टर ऑन लोड’ बघा, तिथे काही जुनं लिहिलेलं सापडलं तर पुसून टाका, अर्धी यादी गायब होण्याचं कारण कधी कधी एवढंच निघतं. शिवाय कोणीतरी फाइल उघडून बसलंय तोवर रिपोर्टमध्ये बदल करायला गेलं की एक्सक्लुझिव्ह ॲक्सेस नाही, बदल कदाचित सेव्ह होणार नाहीत असा मेसेज येतो, आणि लोक तो न वाचता ओके करतात.

कॅशियरने डेस्कटॉपवर कॉपी ठेवली ती कल्पना चांगलीच आहे, फक्त ती कॉपी जुनी झाली असणार. तुम्ही शेअर्ड फोल्डरमध्ये रिपोर्ट सुधारला तरी त्याच्याकडे कालचाच राहणार. म्हणून चार ओळींची एक बॅच फाइल (विंडोजच्या आज्ञा ओळीने लिहिलेली छोटी फाइल) करून द्या, आयकॉनवर क्लिक केलं की ती सर्व्हरवरची ताजी फॉर्म फाइल मशिनवर कॉपी करते आणि मग उघडते. रोज सकाळी प्रत्येकाला कोरी करकरीत फाइल मिळते, तात्पुरत्या टेबलांमुळे ती फुगायचा प्रश्नही राहत नाही.

आता तारीख. ताई, तुमच्या बेरजेतला फरक इथेच असण्याची मला दाट शंका आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुम्ही लिहिलंय की ‘३१ मार्चची यादी सगळीकडे जुळते पण ५ एप्रिलची जुळत नाही’, हे वाचूनच माझे कान टवकारले.

कोडमध्ये तारीख जोडून क्वेरी बनवली असेल, म्हणजे दोन हॅश चिन्हांच्या (#) मध्ये फॉर्मवरची तारीख चिकटवलेली असेल, तर आपल्या विंडोजच्या भारतीय सेटिंगप्रमाणे ती ०५/०४ अशी, आधी दिवस मग महिना, चिकटते. पण हॅशमधली तारीख ॲक्सेसचं इंजिन, म्हणजे त्याचा डेटा वाचणारा-लिहिणारा भाग, अमेरिकन पद्धतीने वाचतं, आधी महिना मग दिवस. म्हणजे तुम्ही मागितलं ५ एप्रिलअखेर आणि त्याने वाचलं ४ मेअखेर, एप्रिलमधले उरलेले सगळे हप्ते थकबाकीत धरले, बेरीज फुगली. आणि ३१/०३ दिलं तर ३१ वा महिना नसतोच, मग तेच इंजिन गुपचूप उलटं करून ३१ मार्च वाचतं आणि उत्तर बरोबर येतं. एरर कधीच येत नाही. महिन्याच्या १ ते १२ तारखांना चूक (०४/०४ सारखा दिवस-महिना एकच असेल तेवढा सोडून), १३ पासून बरोबर, आणि आपण टेस्टिंग नेहमी महिनाअखेरीच्या तारखेने करतो, त्यामुळे हे वर्षानुवर्षं कोणाला सापडत नाही.

मशिनप्रमाणे फरक कसा पडतो, तर कोणाच्या मशिनवर विंडोजची रीजन सेटिंग युनायटेड स्टेट्सची राहून गेलेली असते. तिथे कॅलेंडरवर क्लिक करून ५ एप्रिल निवडली तर ती ०४/०५ अशी चिकटते आणि इंजिन बरोबर वाचतं. म्हणजे सेटिंग चुकलेलं मशिन बरोबर यादी देतं आणि सेटिंग बरोबर असलेली मशिन चुकीची, मग ऑफिसात सगळे त्या एका बरोबर मशिनलाच दोष देतात. म्हणून सेटिंग बदलत बसू नका, कोड सुधारा. हॅशमध्ये घालायच्या आधी तारीख फॉरमॅट फंक्शनने वर्ष-महिना-दिवस अशी करून घ्या, त्यात गोंधळाला जागाच नाही. त्याहून चांगलं म्हणजे तारीख चिकटवूच नका, क्वेरीमध्ये फॉर्मवरच्या त्या चौकटीचं नाव पॅरामीटर म्हणून द्या आणि त्याचा प्रकार डेट/टाइम असा जाहीर करा. आणि पावतीच्या तारखेत वेळही साठवत असाल तर ‘५ एप्रिलपर्यंत’ म्हटलं की ५ तारखेला दिवसभरात आलेल्या पावत्या सुटतात, कारण नुसती तारीख म्हणजे तो दिवस सुरू होतानाची मध्यरात्र. तिथे ‘६ एप्रिलच्या आधी’ अशी अट लावा.

तपासायला आज रात्री थांबायची गरज नाही, आत्ता दोन मशिनवर एकदा ५ तारखेची आणि एकदा १५ तारखेची यादी काढा. १५ ची जुळली आणि ५ ची नाही जुळली तर दुसरं काही शोधू नका.

बेरजेचं अजून एक कारण आहे जे फार जणांना माहीत नसतं. रिपोर्टची बेरीज कोडमध्ये, डिटेल सेक्शनच्या (यादीच्या ओळींचा भाग) फॉरमॅट इव्हेंटमध्ये, म्हणजे ती ओळ पानावर मांडताना चालणाऱ्या कोडमध्ये, एकेक ओळ मिळवत केली असेल तर ती भरवशाची नाही. तोच भाग ॲक्सेस गरजेप्रमाणे एकापेक्षा जास्त वेळा फॉरमॅट करतं, तुम्ही खाली ‘६ पैकी पान १’ असं छापत असाल तर एकूण पानं मोजायला पूर्ण रिपोर्ट दोनदा फिरतो आणि बेरीज वाढत जाते. उलट रिपोर्ट व्ह्यूमध्ये उघडलं तर फॉरमॅट इव्हेंट चालतच नाही, बेरीज शून्य किंवा रिकामी. म्हणजे एकाने प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये बघितलं, दुसऱ्याने रिपोर्ट व्ह्यूमध्ये, झाली दोन उत्तरं. बेरीज फूटरमध्ये साध्या सम फंक्शनने करा, चढती बेरीज हवी तर टेक्स्ट बॉक्सची ‘रनिंग सम’ प्रॉपर्टी वापरा, आणि रिपोर्टचा डिफॉल्ट व्ह्यू प्रिंट प्रिव्ह्यू ठेवा.

पॅरामीटरच्या खिडकीचं सोपं आहे. ती जे नाव विचारते ते नीट वाचा, त्या नावाचं फील्ड ॲक्सेसला सापडत नाहीये एवढाच त्याचा अर्थ. फील्डचं नाव बदललं असेल आणि जुनं नाव ग्रुपिंग-सॉर्टिंगमध्ये नाहीतर ‘ऑर्डर बाय’ प्रॉपर्टीत राहिलं असेल, किंवा रिपोर्ट ज्या फॉर्मवरून तारीख घेतो तो फॉर्म न उघडता कोणी थेट रिपोर्टवर डबल क्लिक केलं असेल. एकाच मशिनवर तारीख, फॉरमॅट, लेफ्ट असली साधी फंक्शन्सही चालत नसतील तर तिथे ऑल्ट आणि एफ ११ दाबून टूल्समधलं रेफरन्सेस (कोडला लागणाऱ्या बाहेरच्या फाइलींची यादी) उघडा, एखाद्या नावापुढे ‘मिसिंग’ दिसेल, बहुतेक वेळा ऑफिसची आवृत्ती वेगळी असते म्हणून. आणि वर पिवळी पट्टी दिसत असेल तर त्या मशिनवर कोड बंदच आहे, फॉर्म फाइलचा फोल्डर ट्रस्टेड लोकेशनमध्ये, म्हणजे ॲक्सेस भरवशाचे मानतं त्या फोल्डरांच्या यादीत, टाका.

कोरं पान म्हणजे रिपोर्टची रुंदी अधिक डावा-उजवा मार्जिन मिळून कागदापेक्षा जास्त झालंय. ए४ कागद २१ सेंटीमीटर रुंद, अमेरिकन लेटर साधारण २१.६, रिपोर्ट लेटरवर बेतलेला असेल तर ए४वर तेवढाच बाहेर जातो. डिझाइनमध्ये उजवीकडे एखादी रेघ किंवा रिकामी चौकट लांब गेलेली असते, ती आत घ्या, मग रुंदी कमी करता येते. पेज सेटअपमध्ये ठरावीक प्रिंटरऐवजी डिफॉल्ट प्रिंटर निवडा, नाहीतर बाकीच्या मशिनवर नसलेला प्रिंटर रिपोर्ट शोधत बसतो.

काउंटरवरची एक सवयही सांगून ठेवतो. पावती भरून झाली पण फॉर्मच्या डाव्या कडेला पेन्सिलचं चिन्ह दिसतंय तोवर ती पावती टेबलात गेलेलीच नाही, दुसऱ्या कोणाच्या रिपोर्टमध्ये ती येणार नाही. कॅशियर तशीच अर्धी पावती ठेवून चहाला गेला की तेवढ्या रकमेचा फरक. शिफ्ट आणि एंटर दाबलं की रेकॉर्ड सेव्ह होतं, आणि रिपोर्टच्या बटणाच्या कोडमध्ये पहिली ओळ रेकॉर्ड सेव्ह करायची घाला.

कॉम्पॅक्ट अँड रिपेअरबद्दल, ते फाइलची डागडुजी करतं, चुकलेली क्वेरी किंवा तारीख ते सुधारणार नाही, म्हणून तुम्हाला फरक दिसला नाही. महिन्यातून एकदा डेटा फाइलवर करा, आधी कॉपी घेऊन आणि सगळ्यांना बाहेर काढून. फाइलचा आकारही बघत जा, २ जीबीच्या पुढे ॲक्सेसची फाइल जातच नाही. आणि तुम्ही लिहिलंय की मॅनेजरसाहेबांचं मशिन वाय-फायवर आहे, ते कृपा करून बदला. ॲक्सेसमध्ये सर्व्हरवर कुठला प्रोग्रॅम बसून काम करत नाही, प्रत्येक मशिनवरचं इंजिन थेट ती फाइल उघडून लिहितं, लिहिता लिहिता वाय-फाय क्षणभर तुटलं तर फाइल अर्धवट राहते आणि एक दिवस ‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट’ म्हणून उघडतच नाही. लॅमिंग्टन रोडला एक साधा गिगाबिट स्विच आणि केबल घ्या, पावसाळ्याआधी डेटा फाइल असलेल्या मशिनला यूपीएस लावा. डेटा फाइल क्लाउडला सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, बॅकअपची बंद कॉपी तिथे खुशाल टाका, चालू फाइल नाही.

ऑडिटला दोन आठवडे आहेत, तेवढ्यात हे सगळं बसतं. उद्या सकाळी काउंटर उघडायच्या आधी डेटा फाइलची एक कॉपी पेन ड्राइव्हवर घ्या, पाचही मशिनवरचे पाथ लिहून काढा, आणि पावती टेबलातला सगळ्यात मोठा पावती क्रमांक आणि एकूण पावत्यांची मोजणी प्रत्येक मशिनवर घेऊन त्यापुढे लिहा. मग ५ आणि १५ तारखेच्या यादीच्या बेरजा. एवढा एक कागद मला कळवा आणि बटणाच्या कोडमधल्या तारखेच्या दोन-तीन ओळी जशाच्या तशा लिहून पाठवा, त्या कशा बदलायच्या ते मी लगेच लिहून देतो. कॅशियरची फाइल वेगळ्याच डेटाला जोडलेली निघाली तर मात्र त्याला आजपासून एकही नवी पावती टाकू देऊ नका, पावती पुस्तकं काढून ठेवा, आणि दोन्ही डेटा फाइलींच्या कॉपी न उघडता बाजूला ठेवून आधी मला सांगा.